काचेवरची रेघ

आमचे हे शाळेत भूमिती शिकवतात. मुलाच्या वहीत रेघ जरा हलली की मार्क कापतात. पण शेअरच्या आलेखावर स्वतः ओढलेली रेघ हलवताना या माणसाला कसलीच लाज वाटत नाही.

स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठी मी शिवणकाम करून साठवलेले पैसे यांनी एका शेअरमध्ये घातले. सिंक गळत होतं, खाली बादली होती. "घाई नको," हे म्हणाले, "पैसे वाढले की नवा ओटाही करू." आलेखावर भाव जिथे जिथे पडून पुन्हा उसळला होता, ते तळ जोडून यांनी एक चढती रेघ ओढली आणि मला गंभीरपणे बजावलं, "भाव हिच्याखाली गेला की डोळे मिटून विकायचं."

भाव खाली गेला. यांनी डोळे मिटले नाहीत, रेघच खाली घेतली. म्हणे पहिला तळ चुकीचा धरला होता. पुढच्या आठवड्यात दुसराही चुकीचा निघाला. जिन्यासारखी चढणारी रेघ आडवी व्हायला आली, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी हातात मार्कर दिला. "आता कॉम्प्युटरच्या काचेवरच ओढा. पक्की."

यांनी पट्टी लावून सुरेख रेघ ओढली. मी निर्धास्त झाले. मग एका सकाळी चहा घेऊन गेले, तर हे माउसने अख्खा आलेखच हळूहळू रेघेच्या वर सरकवत होते.

"अहो, काय चाललंय?"

"रेघेला हात लावलाय का मी?"

मला रडूच आलं. माझ्या घामाचे पैसे होते ते.

सासूबाई ऐकत होत्या. हे आंघोळीला गेले तशा त्या उठल्या, माझी नेलपॉलिश काढायची बाटली घेतली आणि काच लख्ख पुसून टाकली.

हे आले आणि बघतच राहिले. नवी रेघ ओढायला मी मार्कर देईना. शेवटी यांनी विचारलं, "आई, रेघ कुठे होती गं?"

सासूबाईंनी भावाच्या चांगलं वीतभर वर बोट टेकवलं. "इथे."

आईचं बोट सरकवायची यांची बिशाद नव्हती. मुकाट्याने सगळे शेअर विकले. ओटा राहिला, पण सिंक नवं बसलं.

नंतर मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला खरंच आठवत होतं, रेघ कुठे होती ते?"

"छे गं. डोळ्यांवर चष्मा तरी कुठे होता? पण ती बादली रोज मीच ओतत होते ना."