सीटखालचा नाद

"आलं! ऐकू आलं मला!"

व्हॅनच्या मधल्या सीटवर बसलेला म्हातारा गवंडी स्वतःची छाती थोपटत ओरडत होता. वीस वर्षांत त्याच्या कानात आवाज म्हणून शिरला नव्हता. आता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बाजारामागच्या पार्किंगमध्ये जमलेली दोन-अडीचशे माणसं श्वास रोखून बघत होती. एका बाईने आपल्या सासऱ्यांना दंडाला धरून पुढे रेटलं.

"यंत्र बघा, यंत्र!" पांढऱ्या सदऱ्यातले नादमहाराज डॅशबोर्डकडे बोट दाखवून गरजले. "आवाजाचा आकडा किती? चाळीसपैकी आठ! तुमच्या गाडीत आठवर गाणं तरी धड ऐकू येतं का? मग हा नाद कुठला? यंत्र झोपलंय, मंडळी! नाद ब्रह्मांडातून निघतो, माझ्या बेंबीतून जातो आणि थेट याच्या मस्तकात शिरतो!"

एवढा लांबचा प्रवास करून आलेला नाद शेवटी सीटच्या स्पंजमध्येच का उतरतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी गर्दीच्या मागेच उभा राहिलो. कारण हे महाराज म्हणजे माझे उस्ताद होते. त्या व्हॅनमधला साउंड मी बसवला होता आणि त्या सीटचं कव्हर माझ्या ताईने शिवलं होतं.

आमचं दुकान गाड्यांच्या सामानाचं. पुढे मी स्टिरिओ, स्पीकर बसवतो, मागे ताई सीट कव्हरं शिवते. बाराव्या वर्षी तापात तिचा डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडं उरलं. उजव्या कानात मशीन लावून आणि समोरच्याचे ओठ बघून ती सगळं निभावते. वडील गेल्यावर उस्तादांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये घेतलं, वायर सोलण्यापासून सगळं शिकवलं. ताईला शिलाई मशीन त्यांनीच आणून दिलं. पुढे त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते कुठेसे निघून गेले. तीन महिन्यांपूर्वी ही पांढरी व्हॅन घेऊन परत आले.

"वृद्धाश्रमातल्या लोकांना गाणी ऐकवत फिरवणार आहे," ते म्हणाले. "सीटखाली चपटा सबवूफर बसव. काम तुझ्याच हातचं पाहिजे."

मी हरखून गेलो. खालचे, घुमणारे सूर काढणारा तो स्पीकरचा डबा सीटखाली बसवला. त्यांच्यासमोर परीक्षा दिल्यासारखा गेन सेट केला. गेन म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा एक छोटा स्क्रू. लोकांना वाटतं ते आवाज वाढवायचं बटण आहे. ते तसं नाही, हे मला उस्तादांनीच शिकवलं होतं. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची ताकद यांची जोडी जुळवण्यापुरता तो स्क्रू असतो. बास बूस्ट, म्हणजे खालचे सूर फुगवणारं बटण, बंद करायचं, सबवूफरची वायर काढायची, स्टिरिओ तीसवर ठेवून चाचणीचा एकसुरी आवाज लावायचा आणि मीटर बघत स्क्रू हळूहळू फिरवायचा. आमचा हिशेब चाळीस व्होल्टचा होता. त्यापुढे गेलं की आवाजाच्या लाटेची टोकं छाटली जातात आणि सबवूफरमधली तारेची कॉइल तापून जळायला लागते. चाळीसवर थांबून मी स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. उस्तादांनी पाठ थोपटली. "शाबास लेका. मला मागे टाकलंस."

त्या शाबासकीवर मी आठवडाभर तरंगत होतो.

गवंड्यानंतर दोनच दिवसांनी ताई त्या सीटवर बसली. मी अडवायला गेलो, पण ती ऐकेना. तिने डोळे मिटले, खांदे थरथरले आणि ती लहान मुलीसारखी हसली. "डाव्या कानात, अरे! डाव्या कानात आलं!"

उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उजव्या कानातलं मशीन अलगद काढून घेतलं. "हा नादाच्या वाटेतला बोळा आहे, बेटा. चाळीस दिवस माझ्याकडे राहू दे."

घरी आल्यावर मी म्हणालो, "ताई, ते सीट हलतं गं. तुला ऐकू येत नाहीये, जाणवतंय."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. "तू बहिरा नाहीस. तुला काय कळणार?"



सहाव्या दिवशी दुकानासमोर पाण्याचा टँकर मागे येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, दोघा-तिघांनी आरडाओरडा केला. ताई पाठमोरी उभी होती. टँकरच्या धक्क्याने ती पडली आणि हाताचं हाड मोडलं. प्लास्टर घालून परतताना ती हळूच म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला. विश्वास डळमळला की नाद साथ सोडतो, असं उस्ताद म्हणाले होते."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मीटर आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकले आणि तिला म्हणालो, "एकदाच, फक्त एकदा, सीटवर न बसता ऐकून दाखव. ऐकू आलं तर मी स्वतः त्यांच्या पायाशी बसेन."

पार्किंगमध्ये गर्दी होतीच. व्हॅनजवळ जाताच तो वास आला. जळक्या वॉर्निशसारखा, तापलेल्या कॉइलचा. कुणीतरी नाक मुरडलं तसे उस्ताद म्हणाले, "घ्या, घ्या! नादाचा सुगंध आहे तो. पुण्यवानालाच येतो!"

"उस्ताद," मी मोठ्याने म्हणालो, "नाद ब्रह्मांडातून येतो ना? मग सीटखालचा डबा बाहेर काढला तर चालेल?"

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "नास्तिकाचा हात लागला की नाद रुसतो."

"हाकला त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. दोन माणसं माझ्या अंगावर आलीही. तेवढ्यात ताई पुढे झाली, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. तिचा उस्तादांवर अजूनही पूर्ण विश्वास होता.

"करू दे ना त्याला, उस्ताद. तुमचं खरंच आहे. मग भीती कसली?"

तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. गर्दीसमोर तर नाहीच.

मी सबवूफर डब्यासकट बाहेर काढला, वायर तशीच जोडलेली ठेवली. दुकानातून आणलेल्या स्पंजच्या गठ्ठ्यावर तो ठेवला, म्हणजे जमिनीतून कंप जायला नको. ताईला पाच पावलांवर पाठ करून उभं करण्याआधी तिच्याकडे तोंड करून सांगितलं, "ऐकू आलं की हात वर कर."

आकडा आठच ठेवून मी आवाज सुरू केला. जाड, घुमणारी गुणगुण निघाली. जवळ उभे असलेले, ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे माना डोलवू लागले. ताई तशीच उभी. मी बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पाच वेळा. तिचा हात एकदाही वर गेला नाही.

"सुरू कर ना आता," ती म्हणाली.

मी तिला वळवलं आणि तिच्या धड हाताचा तळवा डब्यावर टेकवला. ती दचकली. मग हात उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. गवंडी पुढे आला, त्यानेही हात लावला आणि मटकन खाली बसला.

मी ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं. पांढरा ठिपका होता तिथून कुठच्या कुठे फिरला होता. गेन शेवटापर्यंत, बास बूस्ट पूर्ण. मीटर लावला. आठ आकड्यावर बेचाळीस व्होल्ट. "हा बघा आठवरचा चमत्कार," मी म्हणालो. "पुढे नळ बारीक दिसावा म्हणून मागून पूर मोकळा सोडलाय. हा आवाज इतका खालचा आहे, की तो कानापेक्षा पाठीला आधी कळतो."

ताईने हात पुढे केला. "माझं मशीन द्या."

उस्तादांनी डॅशबोर्डचा खण उघडला. प्लास्टिकच्या एका पिशवीत पंधरा-वीस मशीनं एकमेकांत गुंतून पडली होती. कुणाचं कुठलं, त्यांनाही माहीत नव्हतं. म्हातारी माणसं वाकून आपापलं शोधू लागली.

"तुम्हीच मला शिकवलंत, उस्ताद," मी म्हणालो. "ताईला तरी सोडायचं होतं."

"तू चाळीसवर सेट केलंस ना," ते थकून म्हणाले, "त्यामुळे पहिले दोन दिवस आठवर कुणाला काहीच जाणवलं नाही. मग मीच फिरवला. हसली की नाही ती? तू हसवलंस का तिला कधी असं?"

मी वायर सोडवून डबा बाजूला ठेवला. गवंडीही जाताना मला म्हणाला, "तुला काय मिळालं रे हे करून?" ताईने शिलाई मशीन उस्तादांच्या दारात नेऊन ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरं घेतलं. त्या विषयावर आम्ही दोघं बोलत नाही.

पण तुमच्याशी बोलतो. ज्याच्यावर आपला जीव असतो तोही फसवू शकतो, आणि आपण फसतो ते मूर्ख असतो म्हणून नव्हे, तर काहीतरी फार हवं असतं म्हणून. म्हणून एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला, तर पाठ फिरवून, यंत्र बाजूला काढून तो पुन्हा करून दाखवायला सांगा. पाच वेळा सांगा. खरं असेल ते पाचही वेळा टिकेल. आणि समोरचा चिडला, तर कानातलं मशीन त्याच्या हातात देऊ नका.