सहाचा आकडा

या, असे जवळ सरका. देवाचं नाव गाऊन झालंय, गळे अजून ओले आहेत, तोवर एक गोष्ट सांगते. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा. आता धरायची मुभा आहे.

साथीच्या दिवसांतली गोष्ट. एक कुलूपवाला होता. त्याची बायको दवाखान्यातल्या चादरी धुवायची, आणि लेक भिंगरी घरामागच्या मैदानात फुटबॉल खेळायची. तिथल्या कोच बाईंची एक रीत होती. खेळाआधी पोरींनी ओळीत डोळे मिटून उभं राहायचं आणि आपापला आकडा पुकारायचा. एखादी आली नसेल, तर तिचा आकडा पुढचीनं द्यायचा. ओळ पुरी होईपर्यंत चेंडू हलायचा नाही. भिंगरीचा आकडा सात. तिच्या आधीची सहा म्हणजे गोलकीपर, तिची जिवाभावाची मैत्रीण.

सहा साथीत गेली. आईबापांनी भिंगरीला सांगितलं, ती मामाकडे राहायला गेलीय.

पुढे कळलं, साथीपायी कुलूप लावलेलं मैदान सोमवारपासून उघडणार. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघांची जुंपली.

"पाठवू या," बाप म्हणाला. "पोर भिंतीशी बोलायला लागलीय."

"बोलू दे. भिंत खोकत नाही."

"अगं, मोकळी हवा असते तिथं!"

"अहो, त्या पोरीची चादर मी धुतलीय. फुलाफुलांची, घरून आणलेली. हवेचं मला नका सांगू."

"हळू! ऐकेल ती."

तेवढ्यात मैदानातून पोरींचे आवाज आले. एक. दोन. तीन. चार. पाच.

मग काहीच नाही.

"कुणी उघडलं? किल्ली तर माझ्या खिशात!" बाप तरातरा निघाला. फाटकाचं कुलूप त्यानंच बसवलेलं. ते तसंच होतं, कडीवर कोळ्याचं जाळंसुद्धा अखंड. आत गुडघाभर गवत, एक काडी मोडलेली नाही. तो माघारी वळला आणि अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, "पाच."

घरी आला तेव्हा मास्क घामानं चिंब झाला होता. "कुणी नाही तिथं," एवढंच बोलला.

भिंगरी बुटाच्या नाड्या बांधत होती. "सहा आली नाही वाटतं. तिचा आकडा मला द्यायचाय. सगळ्या खोळंबल्यात, बाबा."

आईनं दार अडवलं. पुन्हा आकडे सुरू झाले आणि पाचावर थांबले. या वेळी मैदानात नाही, खाली जिन्यात. भिंगरी झोपेत असल्यासारखी दाराकडे सरकली. आईला कळून चुकलं. आज ही उंबऱ्याबाहेर गेली, तर परत यायची नाही. आणि हिला ओढतंय ते आपलंच खोटं.

तिनं लेकीचे खांदे धरले. "सहा मामाकडे नाही गं. ती गेली. तिची शेवटची चादर मी माझ्या हातानं धुतली."

भिंगरी मटकन खाली बसली, नाडी हातात तशीच.

आई गॅलरीत गेली. मास्क खाली ओढला आणि अंधारत्या मैदानाकडे तोंड करून घसा फोडून पुकारलं, "सहा!"

जिना गप्प झाला. कुठं पान हललं नाही. मग मागून, रडक्या आवाजात, "सात." समोरच्या इमारतीतून कुणी म्हणालं, "आठ." पलीकडच्या खिडकीतून, "नऊ." ओळ पुरी झाली. आणि रिकाम्या मैदानात, गोलपोस्टपाशी, चेंडू हातमोज्यांत धप्पकन अडकला.

सोमवारी भिंगरी गेली नाही. "साथ ओसरू दे," बापच म्हणाला. पण रोज दिवेलागणीला पोरी आपापल्या खिडकीतून आकडे पुकारायच्या, आणि सहाचा आकडा आई द्यायची.

तेव्हा लेकरांनो, कधी तिन्हीसांजेला पाचानंतर शांतता पडली, तर पळू नका. मोठ्यानं "सहा" म्हणा. आणि देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या गोलकीपर पोरीला आठवा. तिनं अजून गोल सोडलेला नाही.