बोल्टावरच्या टिकल्या

गोंदियाकडच्या केशोरी गावातल्या शामकलाबाईला घर खायला उठायचं, पण हे तिनं कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. बोलून तरी काय होणार होतं? लोक म्हणाले असते, पोरगा पुण्याले चांगल्या नोकरीवर आहे, घर पक्कं आहे, बाईले आणखी काय पायजे? लोकांचं बरं असतं. दुसऱ्याच्या घरातलं सगळं त्यांना दिसतं, फक्त तिथली दुपार दिसत नाही. म्हणून ती आपली गप्प राहायची आणि दुपारभर दारात बसून रस्ता बघायची.

नवरा टेकचंद जाऊन दोन उन्हाळे झाले होते. एकुलता एक मुलगा ओमेश पुण्यात, मोठमोठ्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती बांधणाऱ्या एका कंपनीत. फोन करायचा, नाही असं नाही. रविवारच्या रविवारी करायचा. जेवली का विचारायचा, ती जेवली म्हणायची. गोळी घेतली का विचारायचा, ती घेतली म्हणायची. मग पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही आणि ओमेश ‘बरं, ठेवतो’ म्हणायचा. त्यानं ठेवल्यावरही शामकलाबाई आपला बटणांचा फोन थोडा वेळ कानाला लावून बसायची. आत काही नसायचं, तरी बसायची.

मागच्या वैशाखात तिला ऊन लागलं आणि ती अंगणातच पडली. शेजारच्या दुर्गेश्वरीनं उचलून आत नेलं, तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, म्हणून वाचली. ओमेश धावत आला. चल माझ्याबरोबर, म्हणाला. ही म्हणाली, तुझ्या त्या सहाव्या मजल्यावर दिवसभर मी कोणाशी बोलू, भिंतीशी? पोरगाही तिचाच, हट्टाला कमी नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं अंगणाच्या पश्चिमेला तिच्यासाठी वेगळी खोली उभी केली. विटांची नाही, दोन पत्रे आणि मधात फोम, अशा जाड पाट्यांची. अर्जुनीहून कैलाश नावाचा फिटर आणला, लोखंडी चौकट रोवली आणि आरपार बोल्ट मारून पाट्या चौकटीला कसल्या. गाव बघायला आलं. पोरानं मायसाठी फ्रिज बांधला, असं कोणीतरी म्हणालं, आणि शामकलाबाईला त्या दिवशी भारी वाटलं.

फ्रिज कसला डोंबलाचा! चैत्र लागला आणि त्या खोलीचं पितळ उघडं पडलं. पाटीवर हात ठेवला तर गार, पण बोल्टांची जी डोकी आतल्या बाजूला निघाली होती ती अशी तापायची की बोट ठरेना. दुपार कलली की पश्चिमेची भिंत त्या एकेका डोक्यातून धग फेकायची. एकदा तिनं पाठ टेकली तर पाठीवर लाल डाग उठला. रविवारी फोनवर ती हे सहज बोलून गेली, दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून.

पलीकडे ओमेशनं कान टवकारले. आणि मग जो बोलायला लागला तो थांबेचना. ऊन फोममधून येत नाही, ते लोखंडातून येतं, असं त्याचं म्हणणं. फोम कितीही जाड लावा, बोल्ट बाहेरची आग उचलतो आणि आत आणून टाकतो. गोधडी जाड असली तरी भोकातून थंडी शिरतेच, तसं. कंपनीच्या इमारतींना हेच दुखणं होतं. साहेब म्हणत, फोम वाढवा. ओमेश म्हणे, फोम तेवढाच राहू द्या, बोल्ट बदला. लोखंडाच्या जागी काचेच्या धाग्यांचा, फायबरचा बोल्ट त्यानं करून घेतला होता. पण गोंदियावाला आला डोक्यावर ऊन घेऊन, असं म्हणून सगळे हसत. आता मात्र त्याला जागा सापडली होती. केशोरीच्या उन्हात जे टिकेल ते कुठंही टिकेल, हे त्यानं साहेबांपुढं मांडायचं ठरवलं. “माय, तुझी खोली माझ्या लय कामाची आहे,” तो म्हणाला. तो असं काही बोलल्याला किती वर्षं झाली होती, तिला आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून रोज फोन. बरोबर चारला, ऊन भिंतीवर सरळ यायचं तेव्हा. गोंदियाचं ऊन आणि आभाळ तो पुण्यात बसून आपल्या फोनवर बघायचा, आणि मग तिला विचारायचा, बोल्ट किती गरम आहे? ती तळहात लावून सांगायची. पण तिच्या तळहातावर त्याचा भरवसा बसेना. बिनाफडक्यानं चुलीवरचा भाताचा गंज उतरवणारी बाई, तिच्या हाताला गरम ते काय कळणार!

तेव्हा शामकलाबाईला टिकल्या आठवल्या. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की टेकचंद दरवर्षी तिच्यासाठी टिकल्यांची पाकिटं आणायचा, लागतील त्याच्या दुप्पट. तो गेला आणि तिचं कपाळ रिकामं झालं, पण पाकिटं तिच्यानं फेकवली नाहीत. पत्र्याच्या डब्यात तशीच होती. धान कापताना उन्हानं टिकलीचा गोंद सुटायचा आणि टिकली घसरून नाकावर यायची. टेकचंद धानाच्या बांधीच्या दुसऱ्या टोकाहून हसायचा. तिनं पाकीट उघडलं आणि पश्चिमेच्या भिंतीवर एकेका बोल्टाच्या डोक्याला एकेक टिकली लावली. एक नुसत्या पाटीवरही लावली. चार वाजले तशा बोल्टांवरच्या टिकल्या हलल्या, घसरल्या आणि फरशीवर पडल्या. पाटीवरची होती तिथंच राहिली. फोनवर हे ऐकून ओमेश मोकळा हसला, अगदी बापासारखा. शामकलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आता रोज चारला एकच प्रश्न असायचा, पडल्या का? आणि त्याच्या मागून हजार गोष्टी यायच्या.

वैशाखात फायबरच्या बोल्टांचं पार्सल आलं. कैलाशनं सकाळी येऊन सगळे लोखंडी बोल्ट काढले, नवे कसले, खाली जाड वायसर घातले आणि चहा पिऊन गेला. जुने बोल्ट एका डब्यात ठेवून गेला. शामकलाबाईनं नव्या टिकल्या लावल्या आणि खाटेवर पडली. दुपार कलली, बाहेर लाही लाही झाली, आणि खोली अशी गार की तिचा डोळा लागला. जागी झाली ती फोननं. समोर भिंतीवर सगळ्या टिकल्या जागच्या जागी, एकही हललेली नाही.

“पडल्या का?” ओमेशनं विचारलं. त्याचा श्वास ऐकू येत होता.

ती सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं. काम झालं तर. गरज सरो वैद्य मरो. उद्यापासून चारला कोण कशाला विचारेल? पुन्हा रविवार, पुन्हा जेवली का, पुन्हा बरं ठेवतो.

“पडल्या,” ती म्हणाली.

हे कोणी ठरवून करत नाही हो. एकदा तोंडातून शब्द निसटला की त्याच्या मागं चालत जावं लागतं. दुसऱ्या दिवशीही पडल्या, तिसऱ्या दिवशीही. ओमेश चक्रावला. वायसर सैल असतील म्हणाला, कैलाशला पुन्हा पाठवलं. कैलाशनं पाना फिरवला, सगळं घट्टच आहे, काकी, म्हणून सांगितलं आणि गेला. फोन लांबत चालले. बोल्टांचं झालं की ओमेश मेसच्या पातळ वरणाबद्दल बोलायचा, बाबा असते तर या खोलीला काय म्हणाले असते ते बोलायचा. शामकलाबाई गार भिंतीशी पाठ टेकून ऐकायची आणि खोलीत उकडतंय म्हणायची. फोन संपला की मात्र तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि बोलायला कोणी नसल्यानं ती लाज रात्रीपर्यंत तिच्याजवळच बसून राहायची.

बिडीच्या पानांचे, तेंदूपत्त्याचे दिवस होते. दुर्गेश्वरी पहाटे जंगलात जायची आणि दुपारी पानांचे पुडे बांधायची. एकदा ती पाणी प्यायला खोलीत आली आणि चारचा फोन तिच्यासमोरच आला. ऐकत उभी राहिली. फोन संपल्यावर तिनं भिंतीवर हात फिरवला, टिकल्यांकडे बघितलं.

“काऊन खोटं बोलून राहिल्या, काकी? खोली तं माठासारखी थंडी आहे.”

शामकलाबाईनं फोन पदराआड केला. दुर्गेश्वरी समजायचं ते समजली आणि पाणी पिऊन गेली.

मग एका दिवशी चारचा फोन आला, पण ओमेशनं टिकल्यांचं विचारलंच नाही. आवाज पडलेला होता. उद्या पाचला साहेबांची बैठक आहे, म्हणाला. फायबरचं जमत नाही, असं तो स्वतःच सांगणार होता. इतक्या जणांशी भांडून बसला होता, आता तोंड बंद ठेवून जुन्याच बोल्टांवर काम करणार होता. “जाऊ दे, माय. हसत होते ते बरोबरच होते. माझंच चुकलं.” आणि बरं ठेवतो न म्हणताच त्यानं फोन ठेवला.

शामकलाबाई फोन हातात धरून खाटेवर टेकली. ज्यानं दोन शब्द बोलावेत म्हणून तिनं हा खटाटोप केला होता, त्याचाच शब्द तिनं पाडला होता. लगेच फोन लावावा आणि सांगावं, असं वाटलं. पण सांगून तो मानेल का? इतके दिवस गरम म्हणणारी माय आज थंड म्हणते, म्हणजे पोराचं मन राखायला म्हणते, असंच तो धरेल. नुसत्या बोलण्यावर आता काम भागणार नव्हतं. त्याला दाखवायलाच हवं होतं, आणि तेही ऊन भिंतीवर असताना.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच नव्या टिकल्या लावल्या. डब्यातला एक जुना लोखंडी बोल्ट घेऊन दुर्गेश्वरीच्या घरी गेली. तिच्या नवऱ्याजवळ पाना होता, तो घेऊन त्यालाच ओढत आणलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात नव्याच्या जागी तो एक बोल्ट बसवून घेतला. त्याच्यावरही टिकली लावली. चार वाजायला आले तशी डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात पुडे बांधायच्या मांडवाकडे गेली. दुर्गेश्वरीकडे चित्र दिसणारा फोन होता. पुडा अर्धा टाकून ती उठली, शामकलाबाईबरोबर खोलीत आली आणि तिनं ओमेशला फोन लावला.

ओमेशचा चेहरा दिसला. वाळला होता. मागं कोणीतरी कागद गोळा करत होतं. बैठकीला जातो आहे, माय, मग बोलू, म्हणाला.

“थांब. भिंत बघ,” ती म्हणाली.

दुर्गेश्वरीनं फोन भिंतीकडे फिरवला. ओळीनं लाल टिकल्या, सगळ्या जागच्या जागी. कोपऱ्यातली एक मात्र सुटली, लोखंडावरून घसरली आणि फरशीवर पडली. ओमेश बघत राहिला.

“तो एकच जुना आहे. बाकीच्या पहिल्या दिवसापासून पडल्या नाहीत, बेटा. एकही नाही.”

“मग काऊन, माय?”

फोन तिच्याकडे फिरला. पोराच्या डोळ्यांत बघून हे सांगायचं म्हणजे कठीण होतं, पण तिनं सांगितलं.

“गरम म्हटलं का तू बोलतोस. थंडं म्हटलं का ठेवतोस.”

ओमेशनं मान दुसरीकडे वळवली. कोणीतरी त्याला हाक मारली, तो आलो म्हणाला आणि चित्र गेलं. दुर्गेश्वरी तशीच उभी होती. पदरानं तोंड पुसत निघून गेली.

त्या दिवशी पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी चारलाही नाही. शामकलाबाई खोलीत बसून राहिली. गार खोली, आणि चिटपाखरू नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आपल्या हातानं आपण रविवारसुद्धा घालवला, असं तिनं धरून टाकलं.

तिसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. साहेबांनी मान्य केलं, ओमेश म्हणाला. केशोरीच्या भिंतीचं सगळ्यांना सांगितलं, पुढच्या इमारतीला फायबरचे बोल्ट लागणार. रागाचं एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, “तो कोपऱ्यातला लोखंडी बोल्ट काढू नको. रोज टिकली लाव आणि चारला मला सांग, पडली का.”

“अरे, ती तं पडणारच.”

“पडू दे. पण सांग.”

आणि तो खरंच रोज विचारू लागला. ज्येष्ठ सरला. आषाढात धानाच्या रोवणीला सारं गाव बांधीत उतरलं, दुर्गेश्वरीही गेली, गल्लीत कुत्रं तेवढं उरलं. आभाळ भरून आलं आणि दिवसचे दिवस ऊन पडेना. बोल्ट थंडगार, टिकली कसली पडते! चारला फोन वाजला तसं शामकलाबाईनं भिंतीकडे बघितलं, उठली, कोपऱ्यातली टिकली नखानं काढली आणि फरशीवर टाकली. मग फोन उचलला.

“पडली का?”

“पडली.”

“म्हणजे ऊन चांगलंच दिसते आज.”

“चांगलंच आहे,” ती म्हणाली. वरच्या पत्र्यावर पाऊस इतक्या जोरानं वाजत होता की तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पुण्यात ओमेशला तो सगळा ऐकू येत होता.

“बरं,” तो म्हणाला. ठेवतो म्हणाला नाही. “जेवली का मग?”

शामकलाबाई खाटेवर नीट मांडी घालून बसली आणि आज काय रांधलं ते पहिल्यापासून सांगायला लागली.