आमच्या वीराचं नाव

सर्वपित्री अमावास्या परवावर आली होती आणि आमच्या वीराचं नाव मला अजून सापडलं नव्हतं.

वीर म्हणजे आमच्या देवघरातला चांदीचा टाक. घोड्यावरचा स्वार, पुसून पुसून चेहरा गेलेला. अठराशे दोनच्या दिवाळीत हडपसरला मराठेच मराठ्यांशी लढले. एकीकडे पेशवे आणि शिंदे, दुसरीकडे होळकर. आमचा हा पूर्वज त्या लढाईत लग्नाआधीच गेला, एवढंच घरात माहीत. दर लक्ष्मीपूजनाला थोरली सून त्याला नैवेद्य दाखवते. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनांनी घ्यायचं नाही, म्हणून प्रत्येक सून नुसतं ‘वीरबाबा’ म्हणत आली. पिढ्या गेल्या, नावही गेलं.

आजोबांना, आप्पासाहेबांना, ते नाव हवं होतं. गुडघे अशा अवस्थेत आहेत की पुढच्या वर्षी पाटावर बसता येईल याची खात्री नाही.

“सगळ्यांना नावानं पाणी देतो, आणि त्याला ‘अमुक’ म्हणून. असं पत्र तर पोस्टमनही पोचवणार नाही,” ते म्हणाले होते.

मी शिकले सूक्ष्मजीवशास्त्र. या नावासाठी मोडी शिकले. वीर पुणं राखताना पडला, असं आप्पा सांगत; म्हणून उन्हाळ्यापासून शिंदे-पेशव्यांच्या बाजूचे कागद वाचत बसले. डोळे दुखायला लागले, बाकी काही निष्पन्न नाही.

शेवटी कोथरूडहून दोन बस बदलून हडपसरच्या चुलत घरी गेले. वाटणीपासून येणं-जाणं बंद, त्यामुळे तिथे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आप्पांची चुलत बहीण सुशीलाबाई आता माहेरीच राहतात. त्या ओसरीत शेंगा फोडत होत्या.

“कोथरूडकरांना रस्ता घावला म्हणायचा!”

“आजी, आपल्या वीराचं नाव काय होतं?”

“कुठल्या वीराचं? दोन हायत.”

मी खाली बसले.

“आमच्यात भाऊबीजेला दोन रिकामे पाट मांडत्यात. लेकीनं ओवाळायचं, नाव घेऊन. मी परकरात होते तवापासनं ओवाळतीय. हैबती आन् सुभानजी. सख्खे भाऊ. हैबती शिंद्यांकडं, सुभानजी होळकरांकडं. एकाच दिवशी पडले. मागं बहीण राहिली, तिनं हे सुरू केलं.”

“मग आमच्याकडचा कोणता?”

“घरं फुटली तवा हैबतीचा टाक हितं ठेवला. सुभानजी तुम्हाला दिला. शहर लुटणाऱ्यांसंगं आलेला कोण ठेवून घेतंय?”

सुनांनी गाळलेलं नाव लेकींनी सांभाळलं होतं. आणि मी इतके महिने चुकीच्या बाजूचे कागद वाचत होते. तोंडोतोंडी आलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

परतताना बसमध्ये उभीच होते. नाव सांगायचं आणि बाजू गाळायची, असा विचार स्वारगेटपर्यंत केला. अर्धाच निष्कर्ष लिहून मोकळं व्हावं, इतकी दमले होते.

आप्पा जागेच होते.

“सुभानजी,” मी म्हणाले.

त्यांनी ते दोनदा हळू उच्चारलं. मग म्हणाले, “शिंद्यांच्या पागेत होता?”

मी सगळं सांगितलं.

“म्हणजे दर लग्नात व्याह्यांना मी छाती काढून सांगत आलो, आमच्या माणसानं पुणं राखलं म्हणून.”

“हो.”

“एखाद्या लग्नात तरी अडवायचंस.”

“मला आज कळलं, आप्पा.”

“हं. सुभानजीचं झालं. पण त्या हैबतीला अमावास्येला पाणी कोण देतं?”

“भाऊबीजेला ओवाळतात. श्राद्धाचं मी विचारलं नाही.”

“एवढी संशोधक, आणि नेमकं तेवढंच राहिलं. सुशीलाचा फोन नंबर तरी आणलास?”

आणला होता. लावून त्यांच्या हातात दिला. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“सुशीला, परवा मी पाणी देताना सुभानजीबरोबर हैबतीचंही नाव घेतो. तुमची हरकत नाही ना?”

“आधी कोण बोलतंय ते तर सांगा,” पलीकडून आवाज आला.

आप्पांनी घसा खाकरला आणि वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं.