फळीवर नसलेला पाना

मित्रांनो, मी एक जुने लष्करी विमान आहे. माझ्या जातीची एकोणसत्तर विमाने बांधली गेली. त्यांपैकी आकाशात जाऊ शकणारे मी एकटेच उरले आहे. माझ्यापुढच्या फलकावर 'अखेरचे' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला असून लोक त्याखाली उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. त्यांना त्या शब्दाचा अभिमान वाटतो. मला त्याची भीती वाटते. ज्याच्यामागे दुसरे कोणी उरलेले नाही, त्याला एकही चूक परवडत नाही.

दुसरे महायुद्ध संपून आठ वर्षे झाली होती, तेव्हा मँचेस्टरजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकण्याचे काम बायकांच्या जोड्या करीत. एक बाहेरून ठोकी आणि दुसरी माझ्या पोटात अंग आकसून, लोखंडी ठोकळा टेकवून बसे. जेवणाच्या सुटीनंतर दोघी जागा बदलत आणि आत कोणी किती वेळ बसायचे यावरून रोज भांडत.

पुढची एकवीस वर्षे मी उत्तर समुद्रावर पहारा केला. एकेका फेरीला चौदा तास लागत. माझ्या पोटात लहानशी शेगडी होती. तिच्यावर दहा माणसांपुरते मांसाचे कालवण शिजे आणि खालच्या करड्या पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्यांचे लक्ष घटकाभर विचलित होई. युद्धासाठी बांधलेल्या मला युद्ध कधी भेटले नाही. मग तुझा उपयोग काय झाला, असे काही जण विचारतात. हा युक्तिवाद मला मान्य नाही. किती चोर आले यावरून पहारेकऱ्याची किंमत करायची नसते. शिवाय एका फेब्रुवारीत, बुडत्या बोटीवरच्या सहा कोळ्यांसाठी मी वरून रबरी होडी टाकली होती. माझा उपयोग त्यांनी सांगावा.

त्यानंतर मला लिंकनशायरमधल्या एका कुरणाच्या कडेला आणून ठेवले. तिथे अकरा हिवाळे गेले. माझ्या इंजिनांत कावळ्यांनी घरटी केली. माझ्या शेजारच्या दोन विमानांचे तुकडे करून नेले, ते मी पाहिले. तिसरा क्रमांक माझा होता. पण गावातल्या काही हट्टी माणसांनी मला मागून घेतले, आणि नऊ वर्षांच्या कष्टांनी पुन्हा आकाशात चढवले.

त्या माणसांतला मुख्य विल्फ ऑटली. तो आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. मी उडण्यास योग्य आहे, अशी सही कायद्याने करू शकणारा जगात तो एकटाच आहे. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्याला ते अधिकार मिळायला अजून दोन वर्षे लागतील. विल्फ मला 'म्हातारी' म्हणतो. इंजिन सुरू करताना तो हलकेच म्हणतो, "ऊठ बये, लोक खोळंबलेत."

दुसरी ग्लेनिस पार्डो. हत्यारांची फळी तिच्या ताब्यात असते. त्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली आहे. दिवसाअखेर एक जरी आकृती रिकामी राहिली तरी कोणी घरी जायचे नाही, असा दंडक आहे. विमानात विसरलेले हत्यार माणसांचे प्राण घेऊ शकते. एकदा एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, तेव्हा चौदा माणसे गुडघ्यांवर बसून गवत धुंडाळत होती. अखेर तो वैमानिक डंकन रे याच्या जेवणाच्या डब्यात मिळाला. तेव्हापासून ग्लेनिस त्याला रोज विचारते, "काय रे, आज डब्यात चीज आहे की हत्यार?"

गेल्या सप्टेंबरात, मोसमातल्या शेवटच्या उड्डाणाआधीच्या बुधवारी, विल्फ माझ्या डाव्या पंखात काम करीत होता. पंखाची कड हलवणारे पोलादी दोर तिथे एका कप्पीवरून जातात. कप्पीचा नट इतका अडचणीत आहे की फळीवरचा पाना तिथे शिरत नाही. विल्फने तरुणपणी एक पाना कानशीने घासून पातळ केला होता. फडक्यात गुंडाळून त्याने तो घरून आणला. फळीवर नसलेले हत्यार माझ्याजवळ आणायचे नाही, हा नियम त्यानेच सर्वांना शिकवला होता. पण बोटांना सवयीचे झालेले हत्यार, त्याला नियम कुठला, असे त्याला वाटले असावे. नट आवळून झाला. तेवढ्यात चहाची हाक आली. चहा घेऊन तो परतला, झाकण बसवले आणि सही केली. ग्लेनिसने फळी मोजली. दोनशे बारा हत्यारे, सर्व जागच्या जागी.

पाना कप्पीशेजारी राहिला होता. मला तो जाणवत होता. पण मला बोलता येत नाही.

रविवारी दुपारी कुंपणाबाहेर शेकडो माणसे घड्या घालायच्या खुर्च्या मांडून बसली होती. चारही इंजिने सुरू झाली आणि मी धावपट्टीकडे निघाले. प्रत्येक हिसक्याला पाना दोराकडे सरकत होता. तो दोरात अडकला, तर आकाशात मला वळता येणार नव्हते. विल्फ गवतावर उभा होता. डोळ्यांत धूर गेला म्हणून त्याने कोटाच्या खिशातून रुमाल काढायला हात घातला, आणि हाती आले ते पान्याचे फडके. रिकामे.

त्याचा चेहरा मला दिसला. त्याला सारे कळले होते. आणि बोलल्यास काय होईल, तेही कळले होते. त्याची सही जाईल आणि सहीबरोबर माझे आकाशही. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला वाटले, याने गप्प बसावे. कदाचित पाना आणखी सरकणार नाही. कदाचित हे एक उड्डाण निभावेल.

विल्फ धावत माझ्यासमोर आला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. डंकनने इंजिने बंद केली.

"उतर खाली," विल्फ म्हणाला. "डाव्या पंखात माझा पाना राहिलाय."

ग्लेनिस धापा टाकत आली. "कसा राहील? दोनशे बारा आहेत. दोनदा मोजलेत मी."

"तुझ्या फळीवरचा नाही गं. माझा. घरून आणलेला."

डंकनने झाकण उघडून पाना काढला आणि कुंपणाकडे पाठ करून तो उभा राहिला.

"दोरापासून बोटभर लांब होता," तो हळूच म्हणाला. "आता निघालाय ना? आपण तिघंच आहोत, विल्फ. कुणाला कळायची काय गरज आहे?"

"वर तू असणार होतास," विल्फ म्हणाला. "आणि तुझ्याखाली गावात लोक जेवायला बसलेत. कागद आण. माझं मीच लिहितो."

त्याने उभ्याउभ्याच, माझ्या चाकावर कागद ठेवून, सगळे लिहिले. शब्द एकही मऊ केला नाही.

त्याची सही तूर्त थांबवली गेली आहे. चौकशी चालू आहे, आणि निकाल टपालाने यायचा आहे. ती त्याला परत मिळाली तर मी वसंतात उडेन. न मिळाली तर दोन वर्षे थांबावे लागेल, आणि माझ्या वयाचे विमान दोन वर्षे थांबले की ते बहुधा पुन्हा उठत नाही. मग माझे तेल काढून घेतील आणि मला चौथऱ्यावर बसवतील. मुले माझ्या पोटाखालून पळतील. ते वाईट नाही, असे म्हणणारेही आहेत. मी अजून त्यांच्याशी मनात वाद घालते आहे.

ग्लेनिस आठवडाभर विल्फशी बोलली नाही. मग एके सकाळी तिने त्याच्यापुढे चहाचा कप धरला. "घे. पण आधी खिसे दाखव," ती म्हणाली. त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तेव्हापासून तो रोज येतो, माझ्यापासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसतो आणि इतरांना कोणता नट किती आवळायचा ते सांगतो. मला हात लावण्याची त्याला परवानगी नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. ती अजून चालावी म्हणून तिचे दुखणे झाकणारेही त्यांतच असतात, आणि त्या रविवारी मी स्वतः त्यांच्यापैकी एक होते. तुमच्याकडे कोणी एखादी जुनी वस्तू सांभाळायला दिली, तर तिची चूक आणि तुमची चूक, दोन्ही मोठ्याने सांगा. ती वस्तू गमवावी लागली तरी सांगा. मला हे सांगणे सोपे नाही, कारण गमावली जाणारी वस्तू कदाचित मीच आहे.

टपालाची लाल गाडी फाटकाजवळ आली की हँगरमधले सगळे हातातले काम थांबवतात. आज ती आली, आणि न थांबता पुढे गेली.