सरासरी साठ वर्षं

आयविन नॉर्वेतल्या बर्गनच्या विद्यापीठात छोट्या कळपांचा अभ्यास करायचा. एखादा आनुवंशिक गुण पुढच्या पिढ्यांत टिकतो की निव्वळ योगायोगाने नाहीसा होतो, हे तो संगणकावर फासे टाकून पाहायचा. गुडवेगच्या बेटावर जुन्या जातीच्या चौतीस मेंढ्या होत्या. त्यांतल्या सात जणींत फुप्फुसाच्या साथीला दाद न देणारा गुण आहे, हे त्यानेच शोधलं होतं.

सत्तरीची गुडवेग त्याच्यापुढे कॉफी ठेवत म्हणाली, "पलीकडे किनाऱ्यावर एकाकडे हाच गुण असलेला मेंढा आहे. आणू का? सातांवर माझा भरवसा नाही."

"कशाला उगाच जातीत भेसळ करता? मी तुमचा कळप हजार वेळा चालवून पाहिलाय. गुण सरासरी साठ वर्षं टिकतो."

"अरे बाबा, तुझे कळप हजार. माझा एकच आहे."

तो हसला. अहवालात त्याने साठ लिहिलं. हजारांपैकी एकोणीस वेळा तो गुण पाच वर्षांतच संपला होता. ते मागच्या एका तक्त्यात राहिलं. गुडवेगने तक्ते काही वाचले नाहीत. त्याच्या शब्दावर विसंबून मेंढा आणायचं तिने सोडून दिलं.

पहिल्याच हिवाळ्यात त्या सातांतल्या तिघी बर्फावरून घसरून समुद्रात गेल्या. दोघी गाभण राहिल्याच नाहीत. उरलेल्या दोघींना कोकरं झाली, पण एकातही तो गुण उतरला नाही. मग त्या चौघीही म्हाताऱ्या होऊन मेल्या. चौथ्या वर्षी आयविनने सगळ्या कळपाचं रक्त तपासलं, तेव्हा तो गुण कुठेच नव्हता. त्याच शरदात साथ आली.

तो बेटावर पोचला तेव्हा सहा मेंढ्या उरल्या होत्या. कुंपणाशी उभं राहून त्याने तिला त्या एकोणीस वेळांबद्दल सांगितलं. तिने कुंपणाचं फाटक उघडलं.

"तेव्हा सांगितलं असतंस, तरी मी कदाचित तुझंच ऐकलं असतं," ती म्हणाली. "पण मग चूक माझी तरी झाली असती. आता ती तेवढीही माझी नाही."

"गुडवेग, मी—"

"धर, ही लंगडतेय. हिला आधी होडीत घे."

त्या सहा जणी पलीकडच्या किनाऱ्यावर तिच्या भाचीकडे गेल्या. आयविन अजून दर वसंतात गुडवेगला फोन करतो. ती वाऱ्यापावसाचं बोलते, त्याच्या बायकोची चौकशी करते. ये म्हणत नाही.