खोलीचा गिलावा

"हा नमुना कुठला, कालिपा?" प्रयोगशाळेतल्या गुलबाराने यंत्रावरच्या आकड्यांवरून नजर न काढता विचारलं.

"ओढ्याकाठचा," कालिपा खोटं बोलली.

माती-पाणी तपासणाऱ्या त्या लहानशा प्रयोगशाळेसाठी ती गावोगावचे नमुने गोळा करायची. ही पुडी मात्र तिने शंका आली म्हणून घरच्या भिंतीवरून खरवडून आणली होती.

"ओढ्याकाठचा नाही हा. डोंगरातून वाहून आलेलं असतं तर युरेनियम आणि रेडियम जोडीने सापडलं असतं. यातलं युरेनियम काढून घेतलंय, रेडियम मागे उरलंय. वर गंधकाच्या आम्लाच्या खुणा. हा युरेनियमच्या कारखान्याचा गाळ, बाई. तिथे कुणी राहत नाही ना?"

"माझी नात झोपते तिथे," कालिपा म्हणाली.

घरापर्यंतचा चढ ती जवळजवळ धावतच चढली. लेक आयसाल्किन बाळाला पाजत बसली होती. "ऊठ, बाळाला घेऊन अंगणात जा. आधी जा, मग विचार," कालिपा म्हणाली.

कालिपाचे म्हातारे वडील उस्मोनअली चहाचा वाडगा घेऊन भिंतीला टेकले होते. "काय गं, भूकंप झालाय का?"

"बाबा, ही खोली सोडायची. गिलाव्यात कारखान्याचा गाळ आहे."

"असेल की! मीच आणला गाढवावर लादून. एवढी मऊ वाळू सबंध खोऱ्यात नव्हती. आणि तुझं ते विष तर डोंगरातच आहे. सगळं गाव त्यातच म्हातारं झालं."

"डोंगरातलं नाही, बाबा. कारखान्यातलंच आहे. तपासून आलेय."

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"तुझी आई शेवटची दोन वर्षं इथेच पडून होती."

"हो."

"तिचं दुखणं... यानेच?"

"ते आता कोण सांगणार, बाबा?"

ते उठले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीवर उगारली. कालिपाने त्यांचं मनगट धरलं. "नको, धूळ उडेल! मी प्रयोगशाळेतून माणसं बोलावते, ती काढतील नीट."

पहार खाली ठेवून ते बाहेर आले. जर्दाळूच्या झाडाखाली आयसाल्किनने बाळाला त्यांच्यापुढे धरलं. "थांब," म्हणत ते नळाकडे वळले. साबण लावून हात धुतले. पुन्हा साबण लावला, कोपरापर्यंत चोळला. मग परत येऊन बाळाच्या समोर उकिडवे बसले, ओले हात गुडघ्यांवर तसेच ठेवून.